फळा रिकामा ठेवा: वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांचा ज्ञानकट्टा कसा भरवावा

शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात एका गवंडीकाकांनी पिशवीतून लेव्हल पाइप काढला. बोटाएवढी जाड पारदर्शक नळी, आत पाणी. तिची दोन टोकं दोन समोरासमोरच्या भिंतींशी धरायला लावून ते म्हणाले, "पाणी खोटं बोलत नाही. पण नळीत बुडबुडा राहिला तर पाणीसुद्धा फसवतं." माझ्या शेजारी एका रुग्णालयातल्या परिचारिका बसल्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "आमच्याकडे सलाइन लावायच्या आधी हेच बघतात, नळीत हवा राहिली का!" मग पुढचा अर्धा तास दोघांचीच जुगलबंदी. बुडबुडा कुठे अडकतो, टिचकी कुठे मारायची, घाईत तो का राहून जातो, बाटली वर-खाली केली की धार का बदलते. मी गेली कित्येक वर्षं विज्ञान शिकवते. 'द्रव आपली पातळी समान राखतो' हे वाक्य फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. त्या वाक्यावर किती माणसांचं रोजचं काम उभं आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

ही जोडी आम्ही ठरवून जमवली नव्हती. 'गवंडी आणि परिचारिका यांचा परिसंवाद' असा विषय कुठल्याच आयोजकाच्या डोक्यात येणार नाही. तो आला, कारण त्या सकाळी आमचा फळा रिकामा होता.

असा मेळावा मुंबईत कसा भरवायचा, ते मी इथे सविस्तर लिहिते आहे. आम्ही आजवर जे मेळावे भरवले त्यांत जे जमलं आणि जे फसलं, ते दोन्ही यात आहे.

मुळात हे काय आहे

व्याख्यानमाला आपल्या ओळखीची आहे. वक्ता ठरलेला, विषय छापलेला, आपण खुर्चीत. ज्ञानकट्ट्यात वक्ते आधी ठरवायचे नाहीत, विषयही ठरवायचे नाहीत. ठरलेलं असतं ते फक्त जागा, तारीख आणि वेळेचे कप्पे. आलेली माणसं सकाळी जमतात, कोणाला काय सांगायचंय, कोणाला काय विचारायचंय ते कागदावर लिहून फळ्यावर लावतात आणि दिवसाचं वेळापत्रक तिथेच तयार होतं.

जगभर याची दोन घराणी प्रसिद्ध आहेत. पहिलं 'ओपन स्पेस'. अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन यांनी १९८३ साली एक मोठी परिषद भरवली. तिच्या तयारीत जवळजवळ वर्ष गेलं आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की परिषदेतला सर्वांत चांगला भाग म्हणजे चहा-कॉफीची मधली सुट्टी. मग १९८५ साली कॅलिफोर्नियात माँटेरे इथे त्यांनी आख्खी परिषदच मधल्या सुट्टीसारखी भरवली. लोकांना गोलात बसवायची कल्पना त्यांनी लायबेरियातल्या बालामा या गावात पाहिलेल्या सोहळ्यावरून घेतली. दुसरं घराणं 'बारकॅम्प'. ऑगस्ट २००५ मध्ये पालो आल्टो इथे संगणकक्षेत्रातल्या मंडळींनी ते जेमतेम आठवड्याभराच्या तयारीत सुरू केलं, कारण त्यांच्या क्षेत्रातला एक नावाजलेला मेळावा फक्त निमंत्रितांसाठी होता. पुढे काही वर्षांतच मुंबईतही बारकॅम्प भरले.

आपल्या शहराला ही ओढ फार जुनी आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत सभा काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांमध्ये आपापल्या भाषेत निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. मात्र ते सगळे शिकलेले होते. आपल्याला शिकलेले, न शिकलेले, हाताने काम करणारे आणि डोक्याने काम करणारे असे सगळे एका गोलात हवे आहेत. अवघड ते हेच आहे.

आधी लोकल बघा, मग तारीख

मुंबईत कुठलाही मेळावा रेल्वेच्या नकाशावर भरतो. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांवरच्या लोकांना सोपं पडतं ते दादर. हार्बरवाल्यांना तिथेही गाडी बदलूनच यावं लागतं, तेव्हा मानखुर्द-चेंबूरकडची माणसं जास्त असतील तर कुर्ला-चुनाभट्टी भागात जागा शोधा. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या पलीकडे जाऊ नका. रिक्षा-टॅक्सीचे पैसे कोणाला जड होतात, हे आपल्याला कोणी तोंडावर सांगत नाही. ती माणसं फक्त येत नाहीत.

रविवार बहुतेकांना चालतो, पण रविवारी मेगाब्लॉक असतो. साधारण दहा-अकरा ते दुपारी तीन-चार असा तो चालतो, आणि कुठल्या मार्गावर आहे ते आधी एक-दोन दिवस जाहीर होतं. म्हणून आम्ही लोकांना साडेनऊला बोलावतो आणि चारला सोडतो. येणं ब्लॉकच्या आधी, जाणं ब्लॉकनंतर. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची माहिती सगळ्यांना पाठवायचं काम एका माणसाकडे सोपवा.

महिना निवडताना जून ते सप्टेंबर सोडा. भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र आले की हिंदमाता-परळ भागात काय होतं, ते सांगायला नको. पाठोपाठ गणपती, नवरात्र, दिवाळी. मे महिन्यात निम्मी माणसं गावी असतात. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार टाळा, आणि दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांचा विचार करून फेब्रुवारीच्या मध्याआधी उरका.

जागा

सभागृह घेऊ नका. मंच असला की माणसं मंचाकडे तोंड करून बसतात आणि कोणीतरी मोठं माणूस आपोआप वर जाऊन बसतं. आपल्याला हवे आहेत एकमेकांना लागून असलेले तीन वर्ग आणि सगळे मावतील असा एक मोठा. रविवारी रिकामी असलेली शाळा यासाठी सर्वांत उत्तम. ते जमलं नाही तर वाचनालयाची खोली, सोसायटीचा हॉल आणि त्याला लागून असलेली गच्ची, किंवा एखाद्या मंडळाची जागा. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. अशा जुन्या संस्था आणि त्यांच्यासारखी छोटी मंडळं जवळजवळ प्रत्येक उपनगरात सापडतात. कार्यवाहांना प्रत्यक्ष जाऊन भेटा. फोनवर 'बघू' म्हणणारी माणसं समोर बसल्यावर मार्ग काढतात.

अर्ज एका पानाचा करा. तारीख, वेळ, माणसांची संख्या, कशासाठी, ध्वनिक्षेपक लावणार नाही, बाकं होती तशी लावून देऊ, कचरा आम्ही नेऊ. शेवटची दोन वाक्यं परवानगी मिळवून देतात.

जागा बघायला जाल तेव्हा चार गोष्टी स्वतः तपासा. बाकं जमिनीला ठोकलेली आहेत का? (ठोकलेली असतील तर गोल होत नाही, दुसरी शाळा बघा.) पंखे सुरू केल्यावर दहा फुटांवरचं ऐकू येतं का? स्त्रियांचं स्वच्छतागृह रविवारी उघडं असतं का, आणि पाणी येतं का? किल्ली कोणाकडे असते? बहुतेक ठिकाणी ती शिपाईकाकांकडे असते आणि रविवार हा त्यांचा सुट्टीचा दिवस असतो. त्यांच्याशी आधी बोला, दिवसाचे पैसे ठरवून द्या आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यांना गोलात बसायला बोलवा. आमच्या एका मेळाव्यात 'दोन हजार मुलांच्या शाळेत हरवलेली वस्तू कशी शोधायची' हे सत्र शिपाईकाकांनी घेतलं होतं. वर्गात उभं राहायला जागा नव्हती.

माणसं कशी जमवायची

तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ इथे द्या.

पहिल्या खेपेला चाळीस माणसं पुरे. तीन वर्गांत वाटली तर एका वेळी तेरा-चौदा जण बसतात, आणि एवढ्यांत गप्प राहणारा माणूसही एकदा तरी बोलतो. वीसच्या वर गेलं की गोलाची सभा होते.

नुसता फॉर्म बनवून ग्रुपवर टाकलात तर दोन दिवसांत चाळीस नावं येतील आणि त्यांतली तीस संगणक, बँक आणि शिक्षण या तीनच क्षेत्रांतली असतील. आमचं पहिल्या वेळी तसंच झालं. दिवस छान गेला, पण सगळे एकमेकांना आधीच कळत होते. त्यानंतर आम्ही नियम केला की एका व्यवसायाची जास्तीत जास्त चार माणसं, आणि चाळीसपैकी वीस जागा फॉर्मवर द्यायच्याच नाहीत. त्या वीस जागांसाठी चालत जायचं. इस्त्रीवाले, शिंपी, प्लंबर, लॅबमधले तंत्रज्ञ, बेस्टचे वाहक, खानावळ चालवणाऱ्या ताई, लिफ्ट दुरुस्त करणारे, कोर्टातले कारकून, मंडपवाले, निवृत्त गार्ड. यांतला प्रत्येकजण तुमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे.

त्यांची अडचण समजून घ्या. नोकरदाराचा रविवार मोकळा असतो, शिंप्याचा दुकानाचा असतो. म्हणून अर्धा दिवस येण्याची मुभा द्या, आणि ती आमंत्रणातच सांगा. 'दोन सत्रं बसा आणि जा' असं म्हटलं की माणूस विचार करतो. घरच्या स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या बायकांसाठीही हेच. मुलांना घेऊन या म्हणा. एका कोपऱ्यात सतरंजी, कागद आणि रंग ठेवले की पुष्कळ काम होतं.

"मी काय बोलणार?"

हे वाक्य तुम्ही वीसपैकी पंधरा वेळा ऐकाल. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या प्लंबरदादांशी झालेलं बोलणं असं होतं:

"अहो मॅडम, मी काय बोलणार तिथे? मी नववी नापास."

"बोलू नका हो दादा. मला एवढंच सांगा, नळ गळतो म्हणून तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही आधी काय बघता?"

"नळ नाही बघत. आधी भिंत बघतो."

"भिंत का?"

"आता ते सांगायचं म्हणजे..." असं म्हणून ते वीस मिनिटं बोलले. ओल कुठून उतरते, वरच्या मजल्यावरचा दोष खालच्या मजल्यावर कसा दिसतो, गिऱ्हाईक ज्या जागेवर बोट ठेवतो तिथे बिघाड का नसतो. "दादा, हेच सांगायचंय," मी म्हटलं. ते आले. त्यांच्या सत्राला सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते एका सॉफ्टवेअर कंपनीत चुका शोधण्याचं काम करणाऱ्या मुलीने, कारण तिचाही रोजचा झगडा तोच होता.

'तुम्हाला काय येतं?' असा प्रश्न माणसाला लाजवतो. त्याऐवजी हे विचारा:

नवीन माणूस तुमच्या कामात हमखास कोणती चूक करतो?

तुम्ही हात लावल्याबरोबर काय ओळखता, जे मला दिसत नाही?

कितीही घाई असली तरी कोणती गोष्ट केल्याशिवाय पुढे जात नाही?

वरिष्ठांना सांगूनही पटत नाही असं काय आहे?

शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर आणि इंजिनीअरही थांबून उत्तर देतात. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांना खरं तर हे प्रश्न जास्त लागतात. नाहीतर ते आपल्या क्षेत्राची ओळख करून देत बसतात, आणि ओळख कुठेही वाचायला मिळते.

दिवस असा आखा

९.३० चहा, नावाची पट्टी
१०.०० सगळे एका गोलात, ओळख आणि नियम
१०.३० फळा भरणे
११.०० ते ११.४० पहिलं सत्र
११.५० ते १२.३० दुसरं सत्र
१२.३० ते १.२० जेवण
१.२० ते २.०० तिसरं सत्र
२.१० ते २.५० चौथं सत्र
३.०० ते ३.३० शेवटचा गोल
४.०० पर्यंत बाकं जागेवर

तीन वर्ग आणि चार सत्रं म्हणजे फळ्यावर बारा चौकोन. मधली दहा मिनिटं कापू नका. मेळाव्याचं खरं काम व्हरांड्यात चालतं.

नावाच्या पट्टीवर फक्त नाव लिहा. हुद्दा, कंपनी, पदवी काही नको. मराठीत 'सर' आणि 'मॅडम' हे दोन शब्द माणसाला लगेच पायरीवर नेऊन बसवतात. एका मेळाव्यात एका ज्येष्ठ सर्जनना सगळे 'सर' म्हणू लागले आणि त्यानंतर त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही. आता आम्ही सकाळीच सांगतो की इथे ताई, दादा, काका, मावशी, किंवा नुसतं नावापुढे 'जी' चालेल. 'अहो' तर आपलं आहेच. मान कमी होत नाही, तो सगळ्यांना सारखा मिळतो. ओळखीच्या फेरीत प्रत्येकाने नाव आणि 'आज मला काय जाणून घ्यायचंय' एवढंच वीस सेकंदांत सांगायचं. चाळीस जणांना साधारण चौदा मिनिटं लागतात. व्यवसाय सांगायचाच नाही. तो सत्रात आपोआप कळतो, आणि तोवर सफाई खात्यातला मुकादम आणि चार्टर्ड अकाउंटंट शेजारी बसून चहा पिऊन झालेले असतात.

फळा भरताना

गोलाच्या मध्ये जमिनीवर कोरे कागद आणि जाड स्केचपेन ठेवा. नियम एकच. ज्याला विषय मांडायचा आहे त्याने उठायचं, कागदावर विषय आणि आपलं नाव लिहायचं, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि फळ्यावरच्या मोकळ्या चौकोनात लावायचं. ज्याला लिहिणं जमत नाही त्याच्यासाठी शेजारच्याने लिहावं. हे न विचारताच कोणाकडून तरी करवून घ्या.

मग शांतता पसरते. कोणी उठत नाही. आयोजकाचा कस इथे लागतो. पहिल्या वेळी मी घाबरले आणि रात्री करून ठेवलेली विषयांची यादी बाहेर काढली. फळा दोन मिनिटांत भरला, आणि तो माझा फळा झाला. दिवसभर लोक मला विचारत राहिले, "आता पुढे काय?" तेव्हापासून यादी घरीच ठेवते. घड्याळ बघून तीन मिनिटं गप्प बसायचं. आजवर दोन मिनिटांच्या आत कोणी ना कोणी उठलं आहे, आणि एक उठला की पाचजण उठतात.

विषय तीन तऱ्हेचे येऊ द्या. एक, 'मला हे माहीत आहे, सांगतो.' दोन, 'मला हे माहीत नाही, कोणाला माहीत आहे?' तीन, 'आपण मिळून करून बघू.' दुसऱ्या तऱ्हेचं सत्र कोणी मांडत नाही, कारण माहीत नाही म्हणायला संकोच वाटतो. म्हणून आयोजकाने स्वतःचा खराखुरा प्रश्न घेऊन पहिला असा कागद लावावा.

विषय प्रश्नाच्या रूपात लिहायला सांगा. 'परिचर्येचा परिचय' असा कागद लागला तर सहाजण जातील. तोच 'पाळी बदलताना काय सांगायचं राहून जातं?' असा लागला तेव्हा परिचारिका, वॉचमन, हॉटेलच्या किचनमधले शेफ आणि निवृत्त रेल्वे गार्ड असे चार वेगळ्या धंद्यांतले लोक एका प्रश्नावर जमले. गार्डकाकांनी सांगितलं की गार्डने घंटा दिली आणि मोटरमनने घंटेनेच उत्तर दिलं, की मगच लोकल हलते. सांगणाऱ्याने सांगून भागत नाही, ऐकणाऱ्याने ऐकल्याची खूण परत द्यावी लागते. परिचारिकाताईंनी ते वहीत लिहून घेतलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरमधून अतिदक्षता विभागात मूल सोपवण्याची रीत सुधारण्यासाठी फेरारीच्या मोटारशर्यतीतल्या पिट क्रूकडून, म्हणजे मधल्या थांब्यात झटपट चाकं बदलणाऱ्या पथकाकडून, धडे घेतले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी २००८ साली आली, तिच्यामागे वैमानिकांची यादी वाचून तपासायची सवय आहे. परक्या धंद्यातून शिकण्याला मोठमोठ्या ठिकाणी असा मान आहे. आपल्या शेजारी तर गार्डच राहतात.

बारापेक्षा जास्त कागद आले तर मिळतेजुळते विषय मांडणाऱ्यांना आपसात बोलू द्या, ते बहुधा एकत्र येतात. कमी आले तर चौकोन रिकामे राहू द्या. जेवणापर्यंत ते भरतात.

दोन पायांचा नियम

ओपन स्पेसमधला हा नियम आहे. जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठा आणि दुसरीकडे जा. इंग्रजीत सांगायला सोपा, मराठी घरात वाढलेल्या माणसाला फार जड. वडीलधारं माणूस बोलत असताना उठणं आपल्याला शिकवलेलंच नाही. नुसतं सांगून भागत नाही, सराव करावा लागतो. सकाळच्या गोलातच आम्ही सगळ्यांना एकदा उभं करतो, शेजारच्या वर्गात पाठवतो आणि परत बोलावतो. पहिल्या सत्रात संयोजकांपैकी दोघांनी मुद्दाम मध्येच उठावं, हात जोडावेत आणि शांतपणे दुसऱ्या वर्गात जावं. सत्र घेणाऱ्यांनाही सांगून ठेवा की कोणी उठलं तर तो अपमान नाही, त्याला दुसरीकडे काहीतरी हवं आहे. नमस्कार करून उठणं हा आमच्याकडचा तोडगा आहे आणि तो चालतो.

सत्र घेणाऱ्याला काय सांगाल

प्रोजेक्टर नाही. पडदा लागला की वर्गातला दिवा जातो आणि माणसांचे चेहरेही. त्याऐवजी कामाची एक वस्तू आणायला सांगा. ओळंबा, टेस्टर, शिवणयंत्राची बॉबिन, रक्ताचा नमुना भरायची रिकामी ट्यूब, कापडाचा नमुना, खराब झालेला पार्ट. वस्तू हातोहात फिरली की प्रश्न आपोआप येतात. सुरुवातीला पाच मिनिटं एक प्रसंग सांगा, 'एकदा असं झालं' म्हणून. उरलेली पस्तीस मिनिटं गोलाची.

न कळणारा शब्द आला की हात वर करायचा, हा नियम ठेवा. बोलणाऱ्याने तिथेच थांबून स्वयंपाकघरातली, रस्त्यावरची किंवा लोकलमधली उपमा देऊन तो शब्द उलगडायचा. पहिल्यांदा हात वर करणाऱ्याचे आभार माना, मग बाकीचे धजावतात. ज्यांची मराठी अडखळते त्यांना हिंदी-गुजराती मिसळू द्या.

प्रत्येक सत्रात एकजण टिपणं घेणारा असावा. अर्धं पान पुरे. काय कळलं, कशावर मतभेद झाले, कोण काय करून बघणार आहे.

हे आधीच बजावा

विक्री नाही. विमा, म्युच्युअल फंड, आरोग्याची पावडर, घरबसल्या कमाई, यांतलं काहीही नाही. एका मेळाव्यात एका गृहस्थांनी सत्राच्या शेवटी फॉर्म वाटले आणि त्या दिवशी आलेल्या दोन शिवणकाम करणाऱ्या ताई पुन्हा कधी आल्या नाहीत. मी तेव्हाच उठून थांबवायला हवं होतं. आता हा नियम फॉर्मवर, फोनवर आणि सकाळी गोलात असा तीनदा सांगतो.

रुग्णाचं, अशिलाचं, गिऱ्हाइकाचं, मालकाचं नाव घ्यायचं नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलायचे. लंडनच्या चॅटहॅम हाऊस या आंतरराष्ट्रीय विषयांवर चर्चा करणाऱ्या संस्थेचा १९२७ पासूनचा नियम इथे उपयोगी पडतो. ऐकलेलं वापरा, पण ते कोणी सांगितलं हे बाहेर सांगू नका. नोकरीतली खरी अडचण माणूस एवढ्या भरवशावरच सांगतो. फोटो विचारून काढा. ज्यांना फोटो नको त्यांच्या नावपट्टीला लाल टिकली लावतो.

डॉक्टर किंवा वकील आले की लोक आपले रिपोर्ट आणि नोटिसा काढतात. त्यांना सत्रात व्यक्तिगत सल्ला द्यायला लावू नका.

खर्च आणि जेवण

खर्च थोडाच येतो. शिपाईकाकांचे पैसे, चहा, कागद, पेन, चिकटपट्टी, जागेची अनामत रक्कम. प्रायोजक शोधू नका, तो आला की फलक येतो आणि फलकामागे भाषण येतं. दाराशी बंद पेटी ठेवा, ज्याला जमेल ते त्याने टाकावं. पेटीजवळ कोणी उभं राहू नये.

जेवणासाठी सगळ्यांनी डबे आणायचे आणि एका सतरंजीवर ठेवायचे. केटरर लावला तेव्हा माणसं आपापल्या ओळखीच्यांसोबत रांगेत उभी राहिली. डबे उघडले तेव्हा 'ही भाजी कशी केलीत' इथून सुरुवात झाली. ज्याला डबा आणणं शक्य नाही तो उपाशी राहू नये म्हणून संयोजकांनी पोळ्या जास्त आणाव्यात.

शेवटचा गोल आणि नंतर

आभारप्रदर्शन करू नका. तीन वाजता सगळे पुन्हा एका गोलात बसतात आणि प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो: 'आज ऐकलेल्यातलं मी पुढच्या आठवड्यात काय करून बघणार.' ज्याला काही सुचत नाही त्याने 'पुढे' म्हणावं. ही वाक्यं एकाने लिहून घ्यावीत, कारण पुढचं सगळं काम त्यांवरच चालतं.

त्याच संध्याकाळी फळ्याचा फोटो आणि टिपणं सगळ्यांना पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर एक महिन्याने तो बंद होणार, हे पहिल्याच संदेशात सांगा. तसं न केलेल्या आमच्या ग्रुपवर तिसऱ्या आठवड्यात सुप्रभात आणि फुलं सुरू झाली, आणि कामाचं बोलणारे गप्प झाले.

पाच-सहा आठवड्यांनी ती लिहून ठेवलेली वाक्यं काढा आणि एकेकाला फोन करा. संदेश नको, फोनच करा. "तुम्ही म्हणाला होतात तसं करून बघितलंत का?" एवढंच विचारायचं. निम्मे म्हणतील, राहून गेलं. उरलेले जे सांगतील ते ऐका आणि त्यांना म्हणा, पुढच्या वेळी या आणि हेच सांगा. मागच्या महिन्यात मी परिचारिकाताईंना असाच फोन केला होता. त्यांनी वॉर्डात पाळी बदलताना ऐकणाऱ्याने तीन गोष्टी परत बोलून दाखवायची पद्धत सुरू केली आहे. पहिल्या आठवड्यात सहकारी कंटाळले, आता स्वतःहून करतात. "गार्डकाकांना सांगाल का?" त्यांनी विचारलं. काकांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. काकांना विचारून तो मी त्यांना दिला.